पांढरी माती, हिंगाची पुरचुंडी आणि न वाढणारं हिमोग्लोबिन: जॉर्जियातलं एक प्रकरण

मी अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या मधल्या पट्ट्यात एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, हेल्थ डिपार्टमेंटमध्ये न्यूट्रिशनिस्ट आहे. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांच्या आतली मुलं यांच्यासाठी सरकारची डब्ल्यूआयसी नावाची पोषण-आहाराची योजना आहे, त्यात माझं काम. हे प्रकरण तिथलंच, घरच्यांना विचारून लिहितेय. गाव सांगत नाही, वय आणि काही तपशील बदललेत, नाव कुणाचंच नाही. पेशंटला नुसतं "ती" म्हणते आणि तिच्या आजीला "बिग ममा", कारण घरात सगळे तसंच म्हणतात आणि इकडे दक्षिणेत ब्लॅक घरांमधून आजीला असं म्हणायची पद्धतच आहे.

लिहायचं कारण एवढंच की हूडू, रूटवर्क, कॉन्ज्युअर (अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या मुळ्या-पाल्यांच्या आणि मंत्र-तोडग्यांच्या लोकपरंपरेची ही नावं) हे शब्द आले की आपल्या डोक्यात सिनेमातली टाचण्या टोचलेली बाहुली येते, आणि प्रत्यक्षात ह्या परंपरेचा केवढा तरी भाग ताप उतरवणं, रक्त थांबवणं, बाळंतपण करणं, तान्ह्याचं पोट दुखलं तर काय द्यायचं असल्या रोजच्या कामांचा आहे, आणि तो बायकांनी चालवलाय. दवाखान्यात आम्हाला भेटते ती हीच बाजू. आणि भेटते म्हणजे काय, बहुतेक वेळा भेटतच नाही, ती लपवलेली असते. का लपवलेली असते हाच ह्या प्रकरणाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

आधी मातीबद्दल. मध्य जॉर्जियातून एक पट्टा जातो जिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा किनारा होता, तिथे केओलिन नावाची पांढरीशुभ्र चिकणमाती सापडते. वॉशिंग्टन काउंटीतलं सँडर्सव्हिल स्वतःला केओलिनची जागतिक राजधानी म्हणवतं. कागदाला चकाकी द्यायला, चिनी मातीच्या भांड्यांना ही माती जाते, आणि काही बायका ती खातात. इथे तिला "व्हाइट डर्ट" म्हणतात. पेट्रोल पंपावरच्या दुकानात, कुठे भाजीवाल्याकडे, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत ढेकळं मिळतात, वर लिहिलेलं असतं "खाण्यासाठी नाही", आणि घेणारा आणि विकणारा दोघांनाही माहीत असतं की ती खायलाच घेतलीय. माती खाण्याची सवय पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आली. मळेवाले ह्याला रोग समजायचे, "कॅशेक्सिया आफ्रिकाना" असं नाव त्यांनी दिलं होतं, आणि माती खाऊ नये म्हणून माणसांच्या तोंडावर लोखंडी मुखवटे कुलूप लावून चढवायचे. पुढे विसाव्या शतकात लाखो ब्लॅक कुटुंबं शिकागो, डेट्रॉइटकडे गेली तेव्हा गावाकडून त्यांना पोस्टानं ही माती जायची.

आता सुईणी. गुलामगिरीत मळ्यावर ब्लॅक बायकाच बाळंतपणं करायच्या, गोऱ्या मालकिणींचीसुद्धा, आणि त्याच काळात व्हर्जिनियात १७४८ साली कायदा झाला की गुलामानं परवानगीशिवाय कुणाला कसलंही औषध दिलं तर शिक्षा मृत्युदंडापर्यंत. म्हणजे ज्यांच्या हातावर भरवसा टाकायचा त्याच हातांची भीतीही बाळगायची. दुसऱ्या बाजूला डॉक्टर लोकांनी काय केलं तर १८४० च्या दशकात अलाबामातल्या माँटगोमरीला जे. मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरनं अनार्का, बेट्सी, लूसी आणि आणखी काही गुलाम बायकांवर भूल न देता ऑपरेशनं केली, पुन्हा पुन्हा. त्यानंतर टस्कीगी, १९३२ ते १९७२, जिथे सरकारी डॉक्टर सिफिलिस झालेल्या ब्लॅक पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत बसले. इथल्या म्हाताऱ्या माणसांना ह्या गोष्टी पुस्तकातून कळलेल्या नाहीत, घरात ऐकलेल्या आहेत.

विसाव्या शतकात दक्षिणेत ह्या सुईणींना "ग्रॅनी मिडवाइफ" म्हणायचे. हॉस्पिटलं वर्णभेदाची होती, पैसे नसायचे, त्यामुळे गावाचा भार त्यांच्यावर. जॉर्जियातल्याच ऑल्बनी गावच्या मेरी फ्रान्सिस हिल कोली यांनी ३००० च्या वर बाळंतपणं केली, राज्याच्या आरोग्य खात्यानं पन्नासच्या दशकात त्यांना घेऊन ट्रेनिंगची फिल्मसुद्धा काढली. १९२१ मध्ये माता-बालकांच्या आरोग्यासाठी केंद्राचा पैसा मंजूर झाला आणि तेव्हापासून काउंटीच्या नर्सेस ह्या सुईणींच्या मीटिंगा घ्यायला लागल्या. हात कसे धुवायचे, बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब कसे टाकायचे हे शिकवलं, ते चांगलंच होतं, पण त्याबरोबर बॅगेची झडती. बॅगेत पांढरा एप्रन, कात्री, नाळ बांधायची फीत हवी, मुळ्या, पाले, चहा, तेल काही सापडलं तर परमिट जायचं. मग काही जणींनी दोन बॅगा ठेवल्या, एक दाखवायची आणि एक वापरायची. अशा आठवणी सुईणींनी स्वतः सांगून ठेवलेल्या आहेत. शेवटी परवानेच बंद झाले, अलाबामानं १९७६ मध्ये कायदा करून ही वाट बंद केली, बाकीच्या बऱ्याच राज्यांत हळूहळू.

आणि आज काय आहे? जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास काउंट्यांत बाळंतपणाचा डॉक्टरच नाही. सीडीसी ह्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये देशात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ ब्लॅक आया गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या, गोऱ्या १४.५. सुईणी काढून टाकल्या, त्यांच्या जागी जे येणार होतं ते बऱ्याच गावांत आलंच नाही.

अडचण काय होती

ती २६-२७ ची, दुसरं बाळंतपण, नर्सिंग होममध्ये नोकरी. २२ व्या आठवड्यात माझ्याकडे आली तेव्हा बोटातून रक्त घेतलं, हिमोग्लोबिन ८.२. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, म्हणजे हे बरंच कमी. डॉक्टरांनी आधीच लोहाच्या गोळ्या चालू केल्या होत्या, सात आठवडे झाले होते, आकडा तसूभर हलला नव्हता. सिकल सेल आणि थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी झालेली, नॉर्मल. फेरिटिन ६, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला.

डॉक्टरांच्या कागदावर एक शब्द होता, "नॉन-कम्प्लायंट". म्हणजे पेशंट सांगितलेलं ऐकत नाही, गोळ्या घेत नाही. तिला विचारलं तर ती म्हणाली रोज घेते, मॅम. बाटली बरोबर होती, फार्मसीच्या तारखा आणि उरलेल्या गोळ्या यांचा हिशोब जुळत होता. फॉर्मवर एक प्रश्न असतो, "तुम्ही काही हर्बल किंवा घरगुती औषधं घेता का", त्यावर तिनं "नाही" वर टिक केली होती.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता. कागद म्हणतो ती खोटं बोलतेय, बाटली म्हणते खरं बोलतेय. कागदावर विश्वास ठेवला असता तर पुढे एकच रस्ता होता, तिला पुन्हा समजावणं, पुन्हा तेच गोळ्यांचं लेक्चर. २०२२ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की ब्लॅक पेशंटच्या रेकॉर्डमध्ये असे नकारात्मक शब्द येण्याची शक्यता गोऱ्यांच्या अडीच पट असते, आणि एकदा तो शब्द लिहिला गेला की पुढचा प्रत्येक जण आधी तो वाचतो आणि मग माणसाकडे बघतो. मी बाटलीवर विश्वास ठेवायचं ठरवलं. म्हणजे गोळी पोटात जातेय हे धरून चाललं तर मग लोह अडतंय कुठे?

बिग ममा खोलीत आली

पुढच्या व्हिजिटला ती आजीला घेऊन आली कारण गाडी आजीची. ऐंशीच्या पुढची बाई, चर्चला जाताना घालतात तशी टोपी, बसली आणि मला ओळखीचा वास आला. हिंग! गळ्यात दोऱ्याला कापडाची पुरचुंडी होती. मला माहीत होतं की इकडे दक्षिणेत जुनी माणसं सर्दी-तापाची साथ असली की हिंग बांधून गळ्यात घालतात, १९१८ च्या फ्लूच्या वेळी तर पोरांना शाळेत पाठवताना सुद्धा घालायचे, पण प्रत्यक्ष कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, मॅम, आमच्याकडे हे तान्ह्या बाळाचं पोट फुगलं तर पाण्यात कालवून बेंबीभोवती लावतात. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग प्रश्न तिनं विचारायला सुरुवात केली, तुमच्याकडे बाळंतपणं कोण करायचं, उशाशी काय ठेवता, वार (प्लॅसेंटा) कुठे पुरता, आणि मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगत गेले.

उशाशी विळा किंवा कोयता ठेवतात, पाचवीला सटवाई पुजतात, आणि गरोदर बायका आमच्याकडेही माती खातात, पाटीवरच्या पेन्सिली खातात, चुलीची भाजलेली माती खातात, हे मी बोलले तसं त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बिग ममानं सांगितलं, तिच्या आईनं इथेच चाळीस-एक वर्षं बाळंतपणं केली होती, बिछान्याखाली चाकू ठेवायची, कळा कापायला. आणि मग तिची नात म्हणाली, मॅम, मी व्हाइट डर्ट खाते.

रोज. मूठभर. आणि लोहाची गोळी पोटात जळजळते म्हणून गोळीच्या लगेच आधी खाते, म्हणजे पोट शांत राहतं. कोडं सुटलं तिथेच. केओलिन आतड्यात लोह धरून ठेवते, ते रक्तात जाऊच देत नाही, आणि ही बाई सात आठवडे रोज इमानेइतबारे गोळी घेत होती आणि तिच्या आधी तिला अडवणारी माती. ती मूर्खपणा करत नव्हती हे मला इथे जोर देऊन सांगायचंय. केओलिन पोटाला खरंच आराम देते, अमेरिकेत जुलाबावरचं एक प्रसिद्ध औषध कित्येक वर्षं ह्याच मातीचं बनत होतं. शिवाय अंगातलं लोह कमी झालं की माती, बर्फ, स्टार्च असलं खायची ओढ लागते, म्हणजे अ‍ॅनिमियामुळे माती आणि मातीमुळे अ‍ॅनिमिया असं चक्र.

मग फॉर्मवर "नाही" का लिहिलं? मी विचारलं नाही, बिग ममानंच सांगितलं. तिची आई काउंटीच्या मीटिंगला जाताना एक बॅग न्यायची आणि दुसरी पलंगाखाली राहायची. मुलींना शिकवण होती, काउंटीच्या माणसानं विचारलं की दाखवायची बॅग दाखवा. मी काउंटीची माणूस आहे. माझ्या ओळखपत्रावर तेच लिहिलंय.

एक गोष्ट बाजूला म्हणून सांगते. आपल्याकडची सुईण आणि ह्यांची ग्रॅनी एकच असं म्हणण्याचा मोह होतो, पण तसं नाही, आपल्याकडे औषध देण्यावरून कुणाला फाशीचा कायदा नव्हता. पण सुईणपण बऱ्याच गावांत दलित समाजातल्या बायकांकडे असायचं, नाळ कापायला तिचा हात चालायचा आणि नंतर तीच बाई घरात आत यायला चालायची नाही. हा भाग आठवला आणि आपण फार चांगले होतो असं म्हणवेना.

कोणते पर्याय होते

आता टीममध्ये, म्हणजे मी, आमची नर्स, हॉस्पिटलमधली मिडवाइफ (शिकलेली, परवाना असलेली सुईण) आणि डॉक्टर, ह्यावर बोलणं झालं. पहिला विचार साधा, माती बंद करा असं सांगायचं. शास्त्र म्हणून बरोबर, मातीत शिसंही असू शकतं, बद्धकोष्ठ होतं, पोटॅशियम उतरू शकतं. पण जी गोष्ट तिनं आत्ता कुठे बोलून दाखवली त्यावर पहिलंच उत्तर "बंद" असं दिलं तर पुढची गोष्ट ती सांगणार नाही, आणि पुढची गोष्ट असणारच होती असं मला आणि मिडवाइफला वाटत होतं.

दुसरा विचार, मातीचं नावच काढायचं नाही, शिरेतून लोह देऊन टाकायचं, आतड्याचा प्रश्नच मिटला. डॉक्टरांना हा पटत होता आणि त्यात तथ्य होतं. पण शिसं? आणि बाळंतपणानंतर काय? तिसरा होता सायकॅट्रीकडे पाठवायचं, कारण माती खाणं हे त्यांच्या यादीत विकार म्हणून येतं. हा कुणीतरी सुचवला आणि मिडवाइफनं लगेच खोडला, ते बरं झालं. बिग ममाच्या घराण्यात गरोदर बाई माती खाते हे वेडाचं लक्षण कधीच नव्हतं, सायकॅट्रीची चिठ्ठी हातात पडली असती तर त्या परत आल्या नसत्या.

आम्ही दोन-तीन गोष्टी एकत्र केल्या. शिरेतून लोह. रक्तातलं शिसं तपासायचं. माती आणि कुठलीही गोळी यांच्यात काही तासांचं अंतर, माती हळूहळू कमी, पोटाच्या जळजळीवर डॉक्टरांकडून दुसरं औषध. आणि हे सगळं बिग ममासमोर, तिला विचारून. इथे एक अडचण होती, पेशंटची माहिती तिच्या परवानगीशिवाय आजीला सांगता येत नाही, तो कायदा कडक आहे आणि असावाच. म्हणून नातीला एकटीला बसवून विचारलं, काय बोलू, काय नको. ती म्हणाली मातीबद्दल बोला, आजीनं सांगितलं तर मी ऐकेन, तुम्ही सांगितलं तर फक्त हो म्हणेन. इतकं स्पष्ट मला आजवर कुठल्या पेशंटनं सांगितलेलं नाही.

काय केलं

बिग ममाला आकडे दाखवले. फेरिटिन म्हणजे काय ते पिठाच्या डब्याचं उदाहरण देऊन सांगितलं, डबा खाली आहे, बाळ त्यातूनच घेणार आणि बाळंतपणात रक्त गेलं तर भरायला काही नाही. रक्त जाण्याची गोष्ट तिला शिकवावी लागली नाही. तिच्या आईला बाळंतिणीचं रक्त थांबेना झालं की बायबलमधलं यहेज्केलच्या पुस्तकातलं १६ व्या अध्यायातलं ६ वं वचन म्हणायची, ते रक्ताचं वचन म्हणून इकडे ओळखलं जातं, आणि वचन म्हणता म्हणता पोट चोळायची. गर्भाशय चोळणं हे आजही हॉस्पिटलमध्ये सगळ्यात आधी करतात. मिडवाइफनं हे तिला सांगितलं तेव्हा बिग ममा म्हणाली, मग तुम्हाला निम्मं येतंच.

माती कमी करायचं तिनं स्वतःच्या हातात घेतलं. पिशवी तिच्या कपाटात राहायला लागली आणि नातीला दुपारी एक ढेकूळ मिळायचं, गोळी रात्री. आठवड्यागणिक ढेकूळ लहान. शिशाचा रिपोर्ट ठीक आला. शिरेतून लोहासाठी पन्नासेक मैलांवर जावं लागत होतं आणि नर्सिंग होममधून सुट्टी मिळत नव्हती, खरा सगळा वेळ ह्यात गेला, फोन, चिठ्ठ्या, मेडिकेडची (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची) गाडी. ह्या भागाबद्दल कुणी लिहीत नाही पण औषध पोचायला उशीर ह्याच्यामुळे झाला, मातीमुळे नाही.

डॉक्टरांशी मिडवाइफ बोलली आणि "नॉन-कम्प्लायंट" च्या खाली नवी नोंद झाली, गोळ्या नियमित घेतल्या, शोषण होत नव्हतं, कारण अमुक. जुना शब्द पुसता येत नाही, रेकॉर्ड तसंच राहतं, पण खाली उत्तर लिहिता येतं.

मग ३५ व्या आठवड्यात ती पुढची गोष्ट आली. तिनं पर्समधून एक बाटली काढून टेबलावर ठेवली, ड्रॉपरवाली, छान लेबल, ब्लू कोहॉशचा अर्क. अटलांटाच्या एका बहिणीनं ऑनलाइन मागवून पाठवला होता, "आपल्या पूर्वज आयांचं औषध, कळा लवकर येतात" असं सांगून. गेल्या काही वर्षांत तरुण ब्लॅक बायका आपल्या ह्या वारशाकडे मोठ्या अभिमानानं परत वळतायत आणि ते मला मनापासून चांगलं वाटतं, पण त्याच्याबरोबर बाजारही आलाय. ब्लू कोहॉश ह्या मुळीचा वापर जुनाच आहे, आणि ती धोक्याची आहे हेही खरं, आईनं ती घेतल्यावर नवजात बाळाला हार्ट फेल्युअर झाल्याची केस १९९८ साली बालरोगाच्या जर्नलमध्ये आलेली आहे.

तिनं स्वतः काढून दाखवली ही ह्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट. २२ व्या आठवड्यात फॉर्मवर "नाही" लिहिणारी बाई ३५ व्या आठवड्यात बाटली टेबलावर ठेवते.

मी धोका सरळ सांगितला, आडवळण घेतलं नाही, आणि डॉक्टरांना कळवावं लागेल हेही सांगितलं. आणि म्हटलं, बाटली बिग ममाला दाखव. खरंतर मला खात्री नव्हती ती काय म्हणेल, मुळ्यांवर विश्वास असलेली बाई, कदाचित म्हणेल घे. तिचं उत्तर नातीनं फोनवर सांगितलं. हे मूळ कुणी खणलं? कुठे उगवलं होतं? कुणासाठी खणलं? ज्याला सांगता येत नाही त्याचं मूळ माझ्या घरात नको. आणि तिच्या आईचा नियम होता की कळा सुरू व्हायच्या आधी कळांना हाका मारायच्या नाहीत, बाळ तयार झालं की येतं, मिरीचा चहा द्यायचा तो कळा चालू झाल्यावर दम यावा म्हणून. बाटली मोरीत ओतली गेली.

ह्यातून मला जे दिसलं ते असं की ह्या परंपरेत स्वतःची सुरक्षेची शिस्त होती. कोणतं मूळ, कुणाच्या हातचं, कुठल्या वेळी, कुणाला नाही द्यायचं. ही शिस्त माणसाकडे असते, बाटलीवर येत नाही. सुईणी गेल्या तेव्हा ती शिस्त गेली आणि मुळ्यांची नावं तेवढी राहिली, आता ती नावं कुणीही विकतं.

बाळंतपणासाठी मिडवाइफनं एक पानाचा कागद केला. बिग ममा खोलीत असेल, वचन म्हणेल, कुणी थांबवायचं नाही. हिंगाची पुरचुंडी पेशंटच्या गळ्यात नको, दोरा अडकू शकतो, पण उशीच्या खोळीत चालेल. चाकूला हॉस्पिटलनं स्पष्ट नाही म्हटलं, हत्यार आत आणता येत नाही. त्यावर बिग ममानं विचार करून सांगितलं की नात ज्या बिछान्यावरून उठून गेली त्याखाली ठेवला तरी चालतो, चाकू घरी राहील. हा तोडगा आमच्यापैकी कुणाला सुचला नसता आणि तो सुचवायचा हक्कही आमचा नव्हता.

काय झालं

३६ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.९. ३९ व्या आठवड्यात कळा आपोआप सुरू झाल्या, नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी. रक्त नेहमीपेक्षा थोडं जास्त गेलं, औषध दिलं, नर्सनं पोट चोळलं, बिग ममा वचन म्हणत होती, थांबलं. रक्त चढवावं लागलं नाही. ८.२ वर असती आणि तेवढंच रक्त गेलं असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार आमच्या सगळ्यांच्या डोक्यात होता. मातीची ओढ शिरेतून लोह मिळाल्यावर काही आठवड्यांतच ओसरली होती, ती म्हणाली चव गेली तिची. बिग ममा स्वतः अजून कधीतरी एखादं ढेकूळ खाते.

एक गोष्ट मात्र बिघडली. वार. रक्त जास्त गेलं म्हणून हॉस्पिटलनं नियमाप्रमाणे ती तपासणीला पाठवली आणि तिथून ती परत मिळत नाही. बिग ममाच्या घरात वार कुणाचे पाय पडणार नाहीत अशा जागी पुरतात, तिची स्वतःची, तिच्या मुलांची, सगळ्यांची तशी पुरलेली. तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं आणि कळलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण पुढच्या व्हिजिटला आली नाही आणि त्याच्या पुढच्यालाही नाही. नात म्हणाली, चिडलेली नाही, दुखावलीय. दोन महिन्यांनी आली.

वेगळं काय करता आलं असतं

वारेचं तर उघडच आहे. अमेरिकेत काही हॉस्पिटलं सही घेऊन वार घरच्यांना देतात. तपासणीसाठी तुकडा घेऊन बाकीची देता येते का हे ३२ व्या आठवड्यात विचारायला हवं होतं, बाळंतपणाच्या रात्री नाही. बिग ममानं पहिल्या भेटीतच मला विचारलं होतं, तुम्ही वार कुठे पुरता. त्या प्रश्नातच तिचं म्हणणं होतं, आणि ते एक पानाच्या कागदावर यायला हवं होतं.

लोहाचं इंजेक्शन २७ व्या आठवड्यात मिळालं, ते २४ व्या आठवड्यात मिळू शकलं असतं. फेरिटिन ६ असताना आणि गोळ्यांनी सात आठवडे काहीच हललेलं नसताना वाट बघण्यात अर्थ नव्हता, मातीचं कारण कळो न कळो. कारण शोधणं आणि उपचार करणं एकदमच चालू ठेवता येतं.

फॉर्मवरचा प्रश्न बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे. "हर्बल किंवा घरगुती औषधं घेता का" हा प्रश्न सहीच्या वर, सरकारी कागदावर, हो-नाहीच्या चौकटीत आला की तो बॅगेची झडतीच वाटतो. आमच्या ऑफिसात आता आम्ही तोंडी विचारतो, घरात बाळंतपणातलं कुणाला कळतं, ती काय सांगते, आणि तुम्हाला खावंसं काय वाटतं. शेवटच्या प्रश्नाला माती, बर्फ, कॉर्नस्टार्च अशी उत्तरं सरळ येतात, कारण त्यात कबुली द्यायची नसते. पण हे तोंडी आहे, माझ्या जागी दुसरं कुणी आलं की जाईल. कागदी फॉर्म राज्याच्या पातळीवर ठरतो, तिथे लिहून पाठवलंय, अजून उत्तर नाही.

आणि सायकॅट्रीचा पर्याय ज्या सहजपणे टेबलावर आला त्याबद्दल टीममध्ये नंतर बोलणं व्हायला हवं होतं, ते झालं नाही. तो खोडला गेला कारण त्या दिवशी खोलीत एक ब्लॅक मिडवाइफ होती जिची स्वतःची आजी माती खायची. ती रजेवर असती तर?

बिग ममाशी माझं अजून बोलणं असतं. तिच्या आईला येत असलेल्या गोष्टींपैकी तिला किती आठवतंय ते नात आता फोनवर रेकॉर्ड करतेय, कुठलं मूळ कशाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणाला नाही द्यायचं. मी त्यातलं काही मागितलेलं नाही. मिडवाइफनं हॉस्पिटलकडे वार परत देण्याची लेखी पद्धत मागितलीय, पहिल्या मीटिंगला पॅथॉलॉजीचे लोक आले नव्हते, दुसरी ठरलीय आणि तिला बिग ममालाही बोलावलंय.